निरोगी रांगेतला आवाज

आवाज ऐकून कंपवात ओळखायची पद्धत तिने शोधली ती काही हौस म्हणून नव्हे. तिच्या वडिलांचा, आबांचा, हात थरथरायला लागला तेव्हा घरातल्यांना रोग कळला. पण त्याच्या कितीतरी आधी त्यांचा आवाज सपाट झाला होता, वाक्याच्या शेवटी बुडायला लागला होता, आणि सगळे आपले म्हणत होते, "आबा हल्ली पुटपुटतात." ती तेव्हा कॉलेजात होती. आबा गेले, आणि त्यांचं ते पुटपुटणं तिच्या कानात राहिलं. पुढे ती ध्वनिशास्त्र शिकली, विद्यापीठात शिकवायला लागली, आणि मेंदूच्या रोगांच्या एका डॉक्टरांना गाठून तिने हा उद्योग मांडला. रोग्यांचे आवाज आणि निरोग्यांचे आवाज संगणकाला ऐकवायचे आणि माणसाच्या कानाला न कळणारा फरक त्याच्याकडून काढून घ्यायचा. भाषावाले म्हणाले, हे वैद्यक आहे. वैद्यकवाले म्हणाले, हे गणित आहे. गणितवाले म्हणाले, हे काहीच नाही. पण निकाल असे झकास आले की तिन्ही घरचे लोक अभिनंदनाला हजर. एका मोठ्या नियतकालिकाने निबंध स्वीकारला. आता फक्त छापून यायचा होता.

शेवटची तपासणी म्हणून ती एका दुपारी चुकलेले आवाज ऐकत बसली. निरोग्यांच्या रांगेतला एकच आवाज संगणकाने रोगी ठरवला होता. नावं कुठे नव्हतीच, नुसते आकडे. तिने हेडफोन चढवले. सगळ्यांना वाचायला दिलेला तोच तो उतारा एक पुरुष भरधाव वाचत होता, आणि संपताच म्हणाला, "झालं का गं, मास्तरीण? सुटलो का मी?"

मास्तरीण तिला जगात एकच माणूस म्हणायचा. तिचा थोरला भाऊ, दादा.

दादा लिलाव पुकारायचा. जुनं फर्निचर, बंद पडलेल्या दुकानांचा माल, कुणाच्या तरी घरातला पियानो, काहीही असो, दादा बोली चढवत न्यायचा आणि माणसं भान विसरून हात वर करायची. त्याचं पोट त्याच्या घशावर चालायचं. आणि संगणक म्हणत होता, हा घसा बिघडलाय.

नियम साधा होता: आवाज देणाऱ्याला निकाल सांगायचा नाही. तो नियम तिनेच लिहिला होता. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत. रात्रभर ती या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिली आणि सकाळी वर्ग सोडून सरळ लिलावघरात जाऊन मागच्या रांगेत बसली.

दादा जोरात होता. पण तिला आवाज ऐकूच येईना. ती त्याचे हात बघत होती. उजव्या हातातला लाकडी हातोडा त्याने डाव्या हातात का घेतला? जिना उतरताना कठडा का धरला? एका बोलीला तो अडखळला, तशी तिने खुर्चीची कड घट्ट धरली.

"आज इकडे कुठे?" खाली आल्यावर त्याने विचारलं. "कपाट घ्यायचंय का? बहिणीला सूट नाही हं, आधीच सांगतो."

"सहज आले."

"तू सहज? तू शिंकतेस तेसुद्धा ठरवून."

ती कशीबशी हसली आणि तिथून त्याच्या घरी गेली. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती. इकडचं तिकडचं बोलून तिने विचारलं, "दादा बराय ना? म्हणजे झोपबीप?"

"झोपेत लाथा झाडतो हल्ली," वहिनी म्हणाली. "आणि सही बघ त्याची, मुंगीएवढी झालीय. चष्मा बदल म्हटलं तर ऐकत नाही."

झोपेतल्या लाथा. बारीक होत जाणारं अक्षर. दोन्ही गोष्टी तिच्या निबंधाच्या पहिल्याच पानावर होत्या. वहिनीने चहा पुढे केला तो तसाच गार झाला.

दादा संध्याकाळी घरी आला तेव्हा ती तिथेच होती. त्याने बूट काढले आणि एकदम म्हणाला, "मास्तरीण, काय आहे ते बोल. तोंडावर आबांच्या वेळचा चेहरा घेऊन बसलीयेस."

ती बोलून गेली. नियम, संगणक, आकडे, सगळं. बोलताना आपण हे करायला नको होतं हेही तिला कळत होतं. वहिनीच्या हातातली घडी मोडली. दादाने काढलेले बूट उगाच सरळ लावून ठेवले. मग म्हणाला, "आबांसारखं?"

"माहीत नाही. डॉक्टरांना दाखवू या."

"म्हणजे तुझ्या डब्याने सांगितलं आणि तुला माहीत नाही? मग सांगितलंस कशाला?"

तिने डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर रागावले, पण आवाज तिच्या भावाचा आहे कळल्यावर त्यांनी लगेच वेळ दिली. दादाला बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, मागून खांदे ओढून तोल पाहिला, वेगवेगळे वास घ्यायला दिले. शेवटी म्हणाले, "मला काही दिसत नाही. अक्षराचं म्हणाल तर डोळे तपासून घ्या."

वहिनीने दोन्ही हात तोंडावर धरले. दादा उठून शर्ट खोचायला लागला. तेवढ्यात डॉक्टर तिच्याकडे वळून हळूच म्हणाले, "पण बाई, आपल्या निबंधाचा दावाच हा आहे, की माझ्या हाताला कळायच्या आधी आवाजाला कळतं. मग माझ्या 'नाही'ला किंमत किती?"

हळू बोलले तरी दादाने ऐकलं. खोचता खोचता तो थांबला.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. दादा घरात बोलेनासा झाला. लिलावात बोली चढत असताना तो स्वतःचाच आवाज ऐकत बसायचा, आणि अडखळायचा. वहिनी फोन करायची, "ताई, काहीतरी कर." आणि ही आपल्याच पद्धतीच्या मागे हात धुऊन लागली. कुठे चुकलं असेल ते शोधू लागली. पद्धत खोटी ठरली तर भाऊ सुटतो, खरी ठरली तर आपलं आयुष्यभराचं काम उभं राहतं, आणि आपण खोट्याच्या बाजूने आहोत, हे लक्षात आल्यावर तिला हायसंही वाटलं आणि भीतीही वाटली. असं मन घेऊन केलेलं काम विश्वासाचं कसं धरायचं? साप साप म्हणून भुई धोपटण्यात आठवडा गेला. आकडे जिथल्या तिथे बसत होते.

मग एका सकाळी एका नव्या रुग्णाचा आवाज घ्यायला ती रुग्णालयात गेली. रोग्यांना त्रास नको म्हणून त्यांचे आवाज तिथेच, औषधांच्या खोलीत घेत, निरोग्यांचे विद्यापीठात. म्हाताऱ्या बाई चष्मा पुसत होत्या. मायक्रोफोन चालू होता, कानावर हेडफोन होते, आणि कुणी बोलत नसताना तिला एक बारीक घरघर ऐकू आली. कोपऱ्यातला औषधांचा फ्रीज. ऐकायला काय, रोज ऐकत होती. कान त्याला सरावला होता. आणि मग दुसरी गोष्ट आठवली. तिची गाडी बंद पडली होती त्या दिवशी दादाने तिला रुग्णालयात सोडलं होतं. निरोगी माणसं कमी पडत होती, म्हणून तिने त्याला याच खुर्चीत बसवून वाचायला लावलं होतं.

बाईंचा आवाज तिने शांतपणे घेतला, आभार मानले, त्यांना दारापर्यंत सोडलं. मग जवळजवळ धावतच विद्यापीठात आली. सगळ्या फायलींमधलं बोलणं तिने कापून टाकलं. माणूस बोलायला लागण्याआधीची शांतता तेवढी ठेवली, आणि संगणकाला म्हटलं, आता ओळख. संगणकाने ओळखलं. जवळजवळ तितक्याच अचूकपणे. शब्द नाही, स्वर नाही, माणूस नाही, तरी तो रोगी आणि निरोगी वेगळे काढत होता. त्याने कधी आवाज ऐकलाच नव्हता. तो खोल्या ओळखत होता.

ती मोठ्याने हसली. मग दार लावून रडली.

डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि टेबलावरच्या कागदावर पेन आपटत म्हणाले, "छापून येऊ द्या. चूक आहे की नाही ते पुढचे लोक बघतील. शास्त्र असंच चालतं. आता मागे घेतलात तर लोक तोंडात शेण घालतील, माझ्याही."

"आणि तोवर दुसरी कुणी बहीण आपल्या भावाचा आवाज यात घालेल," ती म्हणाली. "आम्ही कसे दिवस काढले ते तुम्ही पाहिलंय ना, डॉक्टर? तो माणूस अजून झोपत नाही."

डॉक्टर खिडकीशी जाऊन उभे राहिले. तिथूनच म्हणाले, "कारण स्पष्ट लिहा. फ्रीजचंही लिहा. हसायचे ते हसतील." निबंध मागे घेत असल्याच्या पत्रावर त्यांनी तिच्याआधी सही केली.

लोक हसले. विभागप्रमुख तिला पाहून दुसऱ्या जिन्याने जायला लागले, बढती राहून गेली. एका तरुण प्राध्यापिकेने मात्र दूरच्या विद्यापीठातून कळवलं, की तुमचं वाचून आम्ही आमच्या फायलींतली शांतता तपासली आणि आमचंही काम मागे घेतोय. त्यावर हसावं की रडावं हे तिला समजेना.

दादाला तिने फ्रीजचं कळलं त्याच संध्याकाळी गाठून सांगितलं होतं. तो लिलावघराच्या पायऱ्यांवर बसला होता.

"म्हणजे मला काही नाही?"

"ते मला माहीत नाही, दादा. तुला असेल, नसेल, मलाही असेल, नसेल. डॉक्टरांना काही दिसलं नाही, एवढंच खरं. संगणकाला काही माहीत नव्हतं."

"फ्रीज," तो म्हणाला. "फ्रीजने माझी झोप उडवली." हसेल असं वाटलं, पण तो हसला नाही. "तू माझ्या बायकोला रडवलंस, मास्तरीण. तुला बरं वाटावं म्हणून तू मला सांगितलंस."

"हो," ती म्हणाली.

महिनाभर तो तिच्याशी बोलला नाही. वहिनी मध्ये मध्ये कळवायची: चष्मा बदलला, अक्षर मोठं झालं, लाथा काही थांबत नाहीत. तिने पुन्हा पहिल्यापासून आवाज गोळा करायला घेतले, सगळे एकाच खोलीत. आणि मग एका रविवारी दादाचा फोन आला, जणू काही झालंच नव्हतं अशा सुरात.

"ऐक. पुढच्या वेळी डब्याने माझ्याबद्दल काही सांगितलं ना, तर मला सांगू नकोस."

"नाही सांगणार."

पलीकडे वहिनी कुणाला तरी हाका मारत होती.

"नाही, सांग," तो म्हणाला. "पण आधी डबा तपास. आणि जेवायला ये, ही केव्हाची ताट वाढून बसलीये."