सोन्याचे चार दात आणि कोरडा नळ

साहेब, तुम्ही खोटं बोललात. 'निरोगी दात, सुंदर हसू' असं बालवाडीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवून घेतलंत आणि त्याच भिंतीतला नळ दोन वर्षं कोरडा ठेवलात. वर हुकूम सोडलात, की सोन्याचे दात असलेल्या बाईनं मुलांपुढे उभं राहू नये. बरं दिसत नाही म्हणे!

हुकूम कागदावर नव्हता. असले हुकूम कागदावर येतच नाहीत. फोन आला, आणि मोठ्या बाई दिलोरोम यांनी सानोबारला खोलीत बोलावून दार लोटून घेतलं.

"गुरुवारी तपासणी आहे. कॅमेरेवाले येणारेत. तुझे ते चार दात काढून घे."

"काढून घे म्हणजे? टोप्या आहेत का डोक्यावरच्या?"

"माझ्याशी वाद घालू नकोस. दात निघाले तर तू वर्गात. नाही निघाले तर स्वयंपाकघरात. पगार तेवढाच राहील, मी बोलून ठेवलंय."

पगाराचं कोण बोलत होतं? सानोबार सव्वीस वर्षं त्या वर्गात उभी होती. उझबेकिस्तानातल्या फरगाणा खोऱ्यातल्या त्या लहानशा गावात आज ज्यांना मिश्या आहेत त्यांची नाकं तिनं पुसली होती. सगळं गाव तिला सानोबार-ओपा म्हणायचं. ओपा म्हणजे ताई. दुकानदार म्हणायचा, पोलीससुद्धा म्हणायचा.

आणि दात म्हणाल, तर त्या गावात दातांबद्दल बोलणारं दुसरं होतंच कोण? दवाखान्यातली दातांच्या डॉक्टरची खुर्ची रिकामी. पोर रडलं की आजी त्याच्या तोंडात खडीसाखरेचा खडा कोंबणार. झोपताना गोड चहात बुडवलेला नान देणार. काही बोलावं तर म्हणणार, "दुधाचेच दात आहेत, पडायचेच आहेत." सानोबार रोज संध्याकाळी फाटकात त्या आज्यांना अडवायची. "दुधाचा दात किडला की खालच्यालाही कीड पोचते, खाला. झोपायच्या आधी घासा. घासल्यावर पाण्याशिवाय काही देऊ नका." आज्या हसायच्या. पण त्यातल्या दोघी-चौघींनी ब्रश आणले होते, हेही खरं.

सानोबारच्या वर्गात तेवीस मुलं. सतरा जणांच्या तोंडात काळे दात. तिनं स्वतः एकेकाचं तोंड उघडून पाहिलं होतं. तुमच्या माणसांनी दात मोजले, पण फक्त तिचे.

ती दातांवर सोनं मढवणाऱ्या गफुर-उस्तांकडे गेली. उस्ता म्हणजे कारागीर. हेच उस्ता, ज्यांनी एकोणतीस वर्षांपूर्वी, लग्नाच्या आठ दिवस आधी तिचे चार समोरचे दात सोन्यात मढवले होते. तेव्हा ती एकोणीस वर्षांची. दाताला दुखणं नव्हतं, कीड नव्हती. सासूनं निरोप धाडला होता, "नवरी हसली की घर उजळलं पाहिजे." बस. तेव्हाही तिला कुणी विचारलं नव्हतं.

"काय गं सानोबार, सोनं जड झालं का?" उस्तांनी चष्मा पुसत विचारलं.

"मला नाही झालं, वरच्यांना झालं."

"पांढरे दात शहरातून करून आणायला दोन आठवडे लागतील."

"माझ्याकडे तीन दिवस आहेत. निदान समोरचा तरी काढा. सुरुवात केली एवढं तरी दिसेल."

उस्तांनी एक कॅप काढली. त्याला अर्धा तास लागला आणि सानोबारनं खुर्चीचे हात सोडले नाहीत. मग त्यांनी आरसा दिला. आत दात नव्हताच. तांदळाच्या दाण्याएवढा पिवळट खुंट होता.

"हा माझा दात?"

"कॅप बसायची तर आतला घासून बारीक करावाच लागतो," उस्ता म्हणाले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. "चांगला दात होता. दगडासारखा. कानस दोनदा बदलावी लागली होती, अजून आठवतं मला."

ती घरी आली आणि एका बाजूनं कोमट चहा प्यायली. खुंटाला हवा लागली तरी कळ जायची.

दुसऱ्या दिवशी वर्गात पाऊल टाकलं आणि मुनिसा नावाची पाच वर्षांची चिमुरडी ओरडली, "ओपा, तुमचा सोन्याचा दात कुठाय?"

इथं एक गोष्ट सांगायला हवी. त्या तेवीस पोरांची पक्की समजूत होती की नीट घासले की दात शेवटी सोन्याचे होतात. कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांनीच ठरवलं होतं. सानोबारला ते ठाऊक होतं आणि तिनं ते मोडलं नव्हतं. ही तिची चूक. त्या दिवशी मात्र तिनं ठरवलं, आता खरं सांगायचं.

"सोनं वरून लावलेलं असतं, बाळांनो. आतला माझा दात चांगला होता. तो घासून घासून बारीक केला, म्हणून असा दिसतोय."

पोरांनी माना डोलावल्या. सानोबारला वाटलं, पोरांना समजलं.

पोरांना समजलं होतंच, पण त्यांच्या पद्धतीनं!

गुरुवारी तपासणीवाले आले. पुढे एक बाई, दात दुधासारखे पांढरे, मागे कॅमेरा. तेवीस मुलं कोरड्या नळासमोर ओळीत उभी, हातात नवे ब्रश. ते ब्रश आदल्या दिवशी आले होते आणि चित्रीकरण झालं की परत जायचे होते.

"चला, घासा बघू!" कॅमेरेवाला म्हणाला.

एकही हात हलला नाही.

"काय झालं? घासा ना!"

मुनिसानं ब्रश पाठीमागे लपवला. "आम्ही नाही घासणार. घासून घासून दात बारीक होतो. आमच्या ओपांचा झालाय. ओपा, दाखवा ना ह्यांना!"

सानोबारचा हात तोंडाकडे गेला. त्या गावातल्या बाया हसताना तोंडावर हात धरतात. तिनं आयुष्यात कधी धरला नव्हता. आत्ताही तिनं तो अर्ध्यात थांबवला आणि तोंड उघडून दाखवलं. तीन दात सोन्याचे आणि मधे एक खुंट.

कॅमेरा खाली आला. पांढऱ्या दातांच्या बाई दिलोरोमकडे वळल्या. "ही दात घासायला शिकवते?"

"उद्यापासून नाही," दिलोरोम म्हणाल्या.

"नळ सोडून बघा ना एकदा, बाई," सानोबार म्हणाली. "ती घासत नाहीत म्हणून रागावताय. घासले असते तर चूळ कशानं भरली असती?"

बाईंनी नळाला हात लावला नाही. घड्याळाकडे पाहिलं आणि निघाल्या. ब्रशही मोजून नेले.

सानोबार स्वयंपाकघरात गेली. पहिल्याच दिवशी समोर गाजरांचं पोतं आलं, शोरब्यासाठी. दुसऱ्याच गाजराला तिचा हात थांबला. जेवायला मुलं दाराशी आली, तेव्हा तिनं त्यांना तिथंच बसवलं. एका गाजरावर किसणी फिरवली.

"काय झालं?"

"बारीक झालं!"

"माझ्या दातावर ह्या किसणीसारखी लोखंडाची कानस फिरवली होती. आता हे बघा." तिनं दुसरं मातीनं भरलेलं गाजर घेतलं आणि त्यावर घरून आणलेला आपला ब्रश फिरवला. माती गेली. गाजर तेवढंच राहिलं.

"बारीक झालं?"

"नाही!" मुनिसा म्हणाली. मग जरा विचार करून तिनं विचारलं, "पण ओपा, तुम्ही कानस का फिरवू दिली?"

सानोबारनं किसणी खाली ठेवली. "मला विचारलं नव्हतं कुणी," ती म्हणाली. "तुम्हाला विचारतील तेव्हा नाही म्हणा."

दुसऱ्या दिवसापासून मुलं घरचे ब्रश घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी यायला लागली. ज्यांच्याकडे नव्हते त्यांच्यासाठी सानोबारनं आज्यांना पुन्हा फाटकात अडवलं. टँकरचं पाणी सगळ्या बालवाडीत तिथंच यायचं. ती ते मोठ्या किटलीत कोमट करायची आणि एकेकाच्या पेल्यात ओतायची. आत, बाहेर, चावायच्या बाजूनं, हळू. दिलोरोम खिडकीतून पाहायच्या आणि पडदा ओढून घ्यायच्या.

पांढरा दात शहरातून आला तेव्हा गफुर-उस्तांनी विचारलं, "बाकीचे तीनही काढू का?"

"राहू देत," सानोबार म्हणाली. "हा एक बसवा, चहा पिता येत नाही. ह्या तिन्हींचं आता मी ठरवणार."

त्याच दिवशी तिनं अर्ज लिहिला. पहिल्या ओळीत सतरा मुलांच्या काळ्या दातांची संख्या, दुसऱ्या ओळीत दातांचा डॉक्टर, तिसऱ्या ओळीत नळ. वर्ग परत द्या असंही लिहिणार होती. ते तिनं सगळ्यात शेवटी, बारीक अक्षरात लिहिलं.

अर्जाला चार महिने झाले, साहेब. तो तुमच्याच टेबलावर आहे, पोच तिच्याकडे आहे. तिच्या हसण्यावर तुम्ही एका फोनमध्ये निकाल दिलात. मग एवढंच सांगा, आणि ह्या वेळी कागदावर सांगा: त्या नळाला पाणी कोणत्या तारखेला येणार?