एकेचाळिसाव्या दिवसाची मिस्सा

बिशपांची सभा पाच दिवस चालली. आजवर मिस्साभर लोकांकडे तोंड करणाऱ्या धर्मगुरूने उत्तरार्धात लोकांकडे पाठ करून वेदीकडे तोंड करावं, असं तिथे ठरलं. पुढच्या रविवारी आमच्या गावच्या चर्चमध्ये यावरून हाणामारी झाली आणि पोलिसांनी दाराला कुलूप ठोकलं. त्याच आठवड्यात माझे वडील, अप्पच्चन, गेले. चाळीस वर्षं ते त्या चर्चचे कप्यार होते. मेणबत्त्या लावणं, वस्त्रं काढून ठेवणं, पहाटे दार उघडणं, सगळं त्यांच्याकडे. त्यांना मात्र बाजूच्या फाटकातून थेट दफनभूमीत न्यावं लागलं.

एकेचाळिसाव्या दिवसाची मिस्सा तरी आत व्हावी, एवढंच मला हवं होतं. मी आमच्या धर्मगुरूंकडे, चाक्कोअच्चनकडे गेले.

"पोलिसांकडून किल्ली मिळेल, रोसिली," ते म्हणाले. "पण तुम्ही घरचे चौघंच. गाव आत घेतलं की पुन्हा धक्काबुक्की."

"आणि तोंड कुठे कराल?"

"चौघांत कोण बघतंय!"

"अप्पच्चनना काय आवडलं असतं?"

"तो जन्मभर माझ्या बाजूला उभा, मुली. त्याने ना माझं तोंड पाहिलं, ना पाठ. कान तेवढा पाहिला."

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी.

घरी भाऊ म्हणाला, "चर्चमध्येच कर. बिशपांनी सांगितलंय तशी."

शेजारचे इत्तूप्पचेट्टन कुंपणापलीकडून ओरडले, "पाठ दाखवणार असाल तर मी जेवायला येणार नाही. आत्ताच सांगतो!"

"मटण आहे, चेट्टा."

"मग बघू."

रिकाम्या बाकांसमोर अप्पच्चननी कधी मेणबत्ती लावली नव्हती. मी अच्चनना निरोप पाठवला, किल्ली नको, मिस्सा घरीच होऊ दे.

सगळं गाव आलं, दोन्ही बाजूंचं. बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरेना, म्हणून जेवणाचं टेबल भिंतीला टेकवावं लागलं. साहजिकच अच्चनची पाठ सगळ्यांकडे. भावाने माझ्याकडे पाहिलं. इत्तूप्पचेट्टननी हात जोडलेलेच ठेवले.

अच्चननी भाकर उंच धरली आणि ते थांबले. त्या क्षणी कप्यारने घंटा वाजवायची असते. ती आणायचं कुणालाच सुचलं नव्हतं. सगळी खोली टेबलाशेजारच्या हातभर मोकळ्या जागेकडे बघत राहिली. अच्चननी हात जरा जास्तच वेळ वर ठेवले.