एक्केचाळिसावं मिनिट

“डावा हात,” मी म्हणालो. “तळवा वर. कोपर हलता कामा नये.”

सेवा केंद्राच्या साहेबांनी हात खुर्चीच्या दांडीवर ठेवला आणि काउंटरवरच्या मुलीकडे बघून हसले. मुलगी हसली नाही. मी पिशवीतून पट्टा काढून मनगटाला एक आणि कोपराच्या वर एक असे दोन वेढे दिले.

“काका, रक्तदाब मोजताय की काय?”

“मोजायचंच आहे. पण रक्तदाब नव्हे.”

मग त्यांच्या उजव्या हाताची चार बोटं मी चिकटपट्टीनं एकत्र गुंडाळली. गाण्यांचा प्लेअर त्यांच्या शर्टाच्या खिशात टाकला, वायरी कानात दिल्या आणि वरून गळ्यापर्यंत ब्लँकेट घातलं. ब्लँकेट घरचंच, करड्या रंगाचं. त्याला अजून रुग्णालयातल्या साबणाचा वास येत होता. त्या वासानं माझा राग पुन्हा ताजा झाला. बरंच झालं, कारण साहेबांचं पोट, चष्मा, कानात वायरी असा तो सगळा अवतार बघून मला क्षणभर हसू आलं होतं.

“चार तास,” मी म्हणालो. “दहा वाजून पाच मिनिटांनी सुरू. दोन वाजून पाच मिनिटांनी सोडतो.”

“आणि मग वही माझी?”

“वही तुमची.”

सौदा स्वस्तात पटला असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं. रविवार होता, केंद्र बंद होतं. मी समोर खुर्ची ओढली, मनगटावरचं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि ब्लँकेटखाली हात घालून प्लेअरचं बटण दाबलं.

मी एकतीस वर्षं पंपांच्या कारखान्यात तपासनीस होतो. आमच्याकडे प्रत्येक पंप आठ तास चालवून बघायचा असा नियम होता. आठ म्हणजे आठ, पावणेआठसुद्धा नाही. पंप तापतो की नाही, गळतो की नाही, आवाज बदलतो की नाही, हे डोळ्यांत तेल घालून बघायचं आणि मग कार्डावर शिक्का मारायचा. माझ्याकडे दोन शिक्के होते. गोल तो पास, त्रिकोणी तो नापास. त्रिकोण मारताना माझा हात कधी कचरला नाही, म्हणून कारखान्यात मला मागून ‘त्रिकोण’ म्हणायचे. निवृत्तीच्या दिवशी तोंडावरही म्हणाले. मी शिक्क्याचा माणूस. शिक्का मारला म्हणजे कुणीतरी आठ तास जागचा न हलता बसलेला असतो, एवढं मला ठाऊक होतं.

हिची मूत्रपिंडं गेली तेव्हा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी चार तास, यंत्राला जोडून पडावं लागायचं. डाव्या हातात दोन जाड सुया. तो हात हलवायचा नाही. उजव्या हाताची बोटं सांध्यांनी धरलेली, त्यामुळे पेलासुद्धा दोन्ही तळव्यांत धरायची. नातेवाइकांना आत सोडत नसत. मी काचेच्या अलीकडे बाकावर बसायचो, ती पलीकडे. एकदा रिक्षात बसताना म्हणाली, “अहो, दुखत नाही हो फारसं. पण वेळ जात नाही.”

म्हणून मी प्लेअर आणला. काड्यापेटीएवढा. तिच्या आवडीची दोनशे गाणी त्यात घालून घेतली. दुकानात पाच मिनिटं ऐकला, आवाज खणखणीत होता. घरी येऊन असा ऐटीत तिच्या हातात ठेवला, जणू मीच तो बनवला होता.

पंधरा दिवसांनी ती म्हणाली, “अहो, ते मध्येच बंद पडतं.”

मी प्लेअर घेऊन या केंद्रात आलो. याच मुलीनं तो काउंटरवर ठेवला, वायरी एका कानाला लावल्या आणि पाच मिनिटं ऐकून कार्डावर शिक्का मारला: ‘दोष आढळला नाही’. मी कार्ड घरी नेलं. हिच्यासमोर धरलं. म्हटलं, “बघ, शिक्का आहे. तुझाच हात लागत असेल बटणाला.”

तिनं कार्ड बघितलं. म्हणाली, “असेल.”

त्यानंतर तिनं तो विषय काढला नाही. मी विचारायचो, “गाणी ऐकलीस?” ती म्हणायची, “हो की.” आणि मी काचेतून बघायचो ना! कानात वायरी असायच्या आणि ब्लँकेटच्या टोकाला पाऊल ताल धरून हलत असायचं. मला बरं वाटायचं. पाच महिने मला असं बरं वाटत होतं.

ती गेली. तेराव्या-चौदाव्या दिवशी राहिलेल्या फायली आणायला रुग्णालयात गेलो, तर तिथल्या सिस्टरनं ड्रॉवरमधून प्लेअर काढून दिला.

“काका, हा राहिला होता. बिघडलेलाच होता ना हा? आम्ही दोनदा चालू करून दिला, पण परत बंद. नंतर आजी म्हणाल्या, राहू दे. नुसत्याच वायरी कानात घालून पडायच्या.”

“पण पाय हलायचा तिचा.”

सिस्टर खाली बघत म्हणाली, “म्हणायच्या, काचेपलीकडे बसलेत, बघतात ते.”

त्या दिवशी मी घरी आलो, चूल पेटवली नाही की दिवा लावला नाही. प्लेअर त्याच ब्लँकेटखाली, माझ्याच छातीवर ठेवला आणि घड्याळ लावलं. एक्केचाळिसाव्या मिनिटाला तो बंद पडला. अर्धा तास बटण दाबूनही जागा होईना. थंड झाल्यावर परत सुरू झाला. आठवडाभर मी अकरा वेळा बघितलं. अकराही वेळा चाळीस-बेचाळीसच्या आत खेळ खलास. उबेत ठेवला की मरतो आणि गार काउंटरवर पाच मिनिटं बागडतो. पंपाच्या भाषेत सांगायचं तर तापून बसतो. कारखान्यात शिकाऊ माणसानंसुद्धा पकडला असता.

चार तासांतून एक्केचाळीस मिनिटं वजा केली की तीन तास एकोणीस मिनिटं उरतात. आठवड्यातून तीनदा, पाच महिने. एवढा वेळ माझी बायको हात पसरून, छताकडे बघत, माझ्यासाठी पाय हलवत पडली होती. मला कुणाचा तरी गळा धरायचा होता. म्हातारपणी राग येत नाही म्हणतात, ते झूट आहे. म्हातारपणी रागाला भरपूर वेळ मिळतो.

मी केंद्रात गेलो. मुलगी म्हणाली, “काका, मॅन्युअलमध्ये पाचच मिनिटं लिहिलीत.”

“मग आता आढळला म्हणून शिक्का मार.”

ती गडबडली. ड्रॉवर उघडून दाखवला. “तसा शिक्काच नाहीये. वरून हा एकच आला.”

एकच शिक्का! त्या क्षणी मी ठरवलं की यांना सोडायचं नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी केंद्राच्या बाहेरच्या बाकावर वही घेऊन बसू लागलो. वहीत चार रकाने आखले: माणूस कोण, किती मिनिटांनी बंद पडला, कुणाला सांगितलं, काय उत्तर मिळालं. प्लेअर घेऊन बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला मी हाक मारायचो. एक न्हावी म्हणाला, “दाढी अर्धी झाली की बंद. गिऱ्हाईक म्हणतं, गाणं संपलं, दाढी संपव.” पोहायला शिकवणाऱ्या बाई, ट्रकवाला, रात्रपाळीची टेलिफोनवाली, सगळ्यांचे आकडे पस्तीस ते पंचेचाळीसच्या मध्ये. उत्तरंही ठरलेली. नीट वापरत नसाल. घाम लागला असेल. तुमच्या गाण्यांतच दोष असेल. एका शिलाईवाल्या बाईला तर म्हणे सांगितलं की तुम्ही फार ऐकता.

दोन महिन्यांत त्रेसष्ट नोंदी झाल्या. नवीन प्लेअर घ्यायला येणारे आधी माझ्या बाकाशी थांबायचे, वही चाळायचे आणि आल्या पावली परत फिरायचे. साहेब काचेतून बघत. मी त्यांच्याकडे बघून मान डोलवत असे. खरं सांगतो, एवढं सुख मला पेन्शनच्या पहिल्या दिवशीही झालं नव्हतं.

शेवटी साहेब स्वतः बाहेर आले. नवा प्लेअर देतो म्हणाले. भारीतला देतो म्हणाले. कंपनीचं दिलगिरीचं पत्र देतो म्हणाले. म्हणजे तोंडाला पानं पुसायचा सगळा सरंजाम. मी म्हटलं, “मला तुमचे चार तास हवेत. डावा हात बांधून.”

आणि आज ते समोर बसले होते.

पहिली वीस मिनिटं साहेब मजेत होते. मान हलवत होते, “काकूंची आवड चांगली होती हं,” असंही म्हणाले. तिसाव्या मिनिटाला त्यांनी बूड सावरलं. पस्तिसाव्या मिनिटाला म्हणाले, “हाताला मुंग्या यायला लागल्यात.” मी म्हटलं, “येतात.” मुलगी काउंटरमागे उभी राहून कधी त्यांच्याकडे, कधी घड्याळाकडे बघत होती. तीन महिने मी या मिनिटाची वाट बघितली होती. त्यांनी काय बोलावं आणि मी काय बोलावं, हेसुद्धा मी पाठ करून ठेवलं होतं.

एक्केचाळीस.

साहेबांची हलणारी मान थांबली. त्यांनी एकदा छातीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“बंद पडला.”

मी खुर्चीत मागे टेकलो. अगदी सावकाश, एकेक शब्द चाखत म्हणालो, “तुमचाच हात लागला असेल बटणाला.”

“माझा?” साहेब एकदम भडकले. “अहो, हा हात तुम्ही पट्ट्यानं बांधलाय, त्या हाताची बोटं चिकटवून ठेवलीत! कुठल्या हातानं लावू मी बटण? डोळ्यांना दिसत नाही का तुम्हाला?”

यावर बोलायलाही माझ्याकडे एक वाक्य तयार होतं. ते म्हणायला तोंड उघडलं आणि माझी नजर त्यांच्या चिकटवलेल्या बोटांवर गेली.

हिच्याकडेही हेच उत्तर होतं. कार्ड तिच्यासमोर धरलं तेव्हा तिचा डावा हात पट्टी बांधलेला, मांडीवर होता. उजव्या हाताची बोटं मुडपलेली होती. तिला ब्लाउजचं बटण लावता येत नव्हतं, मीच रोज लावून द्यायचो. त्याच सकाळी मीच लावलं होतं. आणि तरी मी म्हणालो, तुझाच हात लागत असेल. मी पाच मिनिटांचा शिक्का खरा मानला आणि एक्केचाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला खोटं ठरवलं. तिनंही ते मुकाट्यानं पत्करलं, कारण शिक्क्यापुढे माझं काही चालत नाही हे तिला माहीत होतं.

“सोडा आता,” साहेब म्हणाले. “पटलं मला. खरंच पटलं.”

“तीन तास एकोणीस मिनिटं राहिली,” मी म्हणालो. पण आवाजात मघाची धार नव्हती.

साहेबांना वाटलं असतं तर ओरडले असते, मुलीनं पट्टा सोडला असता. पण ते बसून राहिले. का ते मला ठाऊक नाही. कदाचित माझ्या तोंडाकडे बघून असेल. खिशातला फोन दोनदा वाजून थांबला. त्यांना घाम आला, तो मुलीनं रुमालानं टिपला. तासाभरानं ते छताकडे बघायला लागले. मीही बघितलं. छताला एक डाग होता, बाकी काही नव्हतं. समोर माणूस बांधून बसलेला आणि मला त्याचा जराही आनंद होईना. इतके दिवस मी सूड जपला, आणि ऐन वेळी तो उलटून माझ्याच अंगावर आला.

दोन वाजून पाच मिनिटांनी मी पट्टा सोडला, बोटांची चिकटपट्टी काढली. साहेबांनी हात चोळला. बराच वेळ त्यांना मूठ वळता येईना.

“चार तास फार असतात हो काका,” ते हळू आवाजात म्हणाले.

मी वही काढली. कबूल केल्याप्रमाणे ती आता त्यांची होती. पण देण्याआधी पहिलं पान उघडलं. पहिली नोंद हिची होती. कोण: माझी पत्नी. किती मिनिटांनी: एक्केचाळीस. कुणाला सांगितलं: सेवा केंद्राला. काय उत्तर मिळालं: दोष नाही.

खोटी नोंद. एकतीस वर्षांत मी कार्डावर अशी नोंद कधी केली नव्हती. केंद्राला मी सांगितलं होतं, तिनं नाही. मुलीकडून पेन घेतलं, शेवटचे दोन रकाने आडवी रेघ मारून खोडले आणि वर लिहिलं. कुणाला सांगितलं: नवऱ्याला. काय उत्तर मिळालं: तुझाच हात लागत असेल.

साहेबांनी ते वाचलं. मुलीनंही त्यांच्या खांद्यावरून वाचलं आणि सवयीनं तिचा हात शिक्क्याच्या ड्रॉवरकडे गेला. साहेबांनी मानेनंच तिला नको म्हटलं. सुजल्यासारख्या झालेल्या बोटांत पेन धरून त्यांनी त्या नोंदीखाली वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं: दोष आढळला.

त्यांनी ते प्लेअरबद्दलच लिहिलं असणार. पण पानावर ते शब्द माझ्या उत्तराच्या बरोबर खाली आले होते. आमच्या कारखान्यात दोषाच्या नोंदीखाली संबंधित माणसाची सही घ्यायची पद्धत होती. त्याशिवाय कार्ड पुरं होत नसे.

मी पेन परत मागून घेतलं आणि सही केली.