खुर्चीपुरतं इंग्रजी

त्या फर्निचरच्या दुकानात खुर्च्या इतक्या, की एक अख्खी शाळा बसवता आली असती. पण नोकरांपैकी कोणी बसलेलं मालकांना खपत नसे. नोकर बसला की माल जुना दिसतो, असं त्यांचं म्हणणं. त्यामुळे वरच्या मजल्यावर गाद्या-उशा विकणाऱ्या ताई शटर उघडल्यापासून शटर पडेपर्यंत पलंगांच्या मधोमध उभ्या असत. जिना चढताना त्यांचे गुडघे आता आवाज करायला लागले होते. "बसून करायचं काम बघा," असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. डॉक्टरांचं काय जातं? ते बसूनच सांगत होते.

अशात मालकांनी जाहीर केलं, की वरच्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी, इंग्रजी बोलणाऱ्या गिऱ्हाइकांसाठी वेगळं काउंटर निघणार. काउंटरला माणूस एक, आणि त्या माणसाला खुर्ची.

इंग्रजी बोलणारं गिऱ्हाईक त्या दुकानात आजवर कोणी पाहिलेलं नव्हतं. पण मालक परदेशात एका प्रदर्शनाला जाऊन आले होते. कोणी येताना चॉकलेटं आणतं, त्यांनी ही कल्पना आणली.

शिकवायला मॅनेजरनी आपल्या मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याची पात्रता अशी, की तो मॅनेजरचा मेहुणा होता आणि दुसरं काही करत नव्हता. त्याला 'सर' म्हणायचं ठरलं. दुकान उघडायच्या आधी सगळ्यांनी वरच्या मजल्यावर जमायचं आणि इंग्रजी काळ घोकायचे. शेवटी परीक्षा, आणि तीत सर निवडतील त्याला खुर्ची. सुरुवातीला सरांची वाक्यं वाघ मारणाऱ्या राजाची होती. राजाने वाघ मारला, राजा वाघ मारत आहे, राजाने वाघ मारलेला असेल. दुकानात ना राजा ना वाघ. शेवटी गोडाउनवाल्याने विचारलं, "सर, हे मारलेला असेल, ते कधी वापरायचं?"

"वेळ आली की," सर म्हणाले आणि डस्टर आपटलं.

पण त्या दिवसापासून त्यांनी नियम केला: "उदाहरणं रोजच्या आयुष्यातली घ्यायची. डोळ्यांनी पाहिलेली. खोटं वाक्य मला चालायचं नाही!"

हे सांगून दमलेले सर तास संपल्यावर कपाटांच्या रांगेमागच्या मोठ्या डबल बेडवर आडवे होत, ते थेट जेवायच्या सुट्टीला उठत. ताईंच्या विभागातला सगळ्यात महाग पलंग तो. गिऱ्हाइकाने दचकून "हे कोण?" असं विचारलं, की ताई चेहरा न हलवता सांगत, "डेमो आहे." एका जोडप्याने तर ते घोरणं ऐकून जागच्या जागी गादी घेतली. त्याचं श्रेय मॅनेजरनी जाहिरातीला दिलं.

खुर्चीवर डोळा दोघांचा होता. एक ताई. दुसरा खालच्या सोफा विभागातला 'येससर'. कोणी काहीही म्हटलं तरी तो एवढंच म्हणे, म्हणून हे नाव. सरांचा चहा तो आणी, उशाशी ठेवी आणि पावलं न वाजवता परत जाई. खुर्ची कोणाची, हे सरांनी त्या चहातच ठरवून टाकलं होतं.

"ताई, तुमचं वय झालं आता," सर एकदा म्हणाले. "जीभ वळत नाही या वयात."

"जीभ वळते हो सर. गुडघा वळत नाही," ताई म्हणाल्या.

परीक्षेच्या दिवशी मालक स्वतः आले. मालकांचं इंग्रजी मान डोलावण्यापुरतं. मॅनेजरचं मालकांकडे बघून मान डोलावण्यापुरतं. येससरला 'गो' हे क्रियापद मिळालं. ते आठवडाभर आधीच त्याच्या कानात घातलेलं होतं. तो दुकानात गेला, जात आहे, जाणार आहे, असं सगळं धडाधड म्हणून मोकळा झाला. ताईंसाठी सरांनी 'स्विम' राखून ठेवलं होतं. आयुष्यात नळाखेरीज पाणी न पाहिलेली बाई काय पोहणार!

पण मालकांना हुक्की आली. "थांबा, हिला मी देतो." त्यांनी भोवतालच्या पलंगांवरून नजर फिरवली. "स्लीप! झोपणे!"

ताईंनी पदर सारखा केला. आयुष्यातलं उदाहरण, डोळ्यांनी पाहिलेलं. दुसरं होतंच कुठे त्यांच्याकडे?

"सर स्लीप्स ऑन डबल बेड एव्हरी डे. सर स्लेप्ट यस्टरडे. सर वॉज स्लीपिंग व्हेन कस्टमर केम. सर हॅज बीन स्लीपिंग सिन्स फर्स्ट डे." त्यांनी श्वास घेतला. "मालक विल गो. देन सर विल स्लीप."

काळाची एक चूक नाही. गोडाउनवाला खोकत खोकत जिन्याकडे गेला. सरांच्या हातातलं डस्टर खाली पडलं.

मालक टाळ्या वाजवत उठले. "वा! काय फ्लो आहे! बघा मॅनेजर, याला म्हणतात इंग्रजी!" मॅनेजरनी त्यांच्याहून जोरात टाळ्या वाजवल्या. येससर म्हणाला, "यस सर!"

"पण ताई," मालक कौतुकाने म्हणाले, "सारखं सर, सर चाललं होतं. माझंही नाव आलं मध्ये. जरा अर्थ सांगा बघू मराठीतून."

ताईंनी सरांकडे पाहिलं. अगदी विद्यार्थिनीने पाहावं तसं. "सांगू का सर?"

"नको!" सर जवळजवळ ओरडलेच. मग आवाज गोड करून म्हणाले, "म्हणजे, गुरूबद्दलचा आदर आहे तो, साहेब. मालकांबद्दलही आहे. शब्दांत सांगितलं की त्यातली मजा जाते. माझा निर्णय झालाय. खुर्ची ताईंची!"

मालकांना भरून आलं. त्यांनी तिथल्या तिथे सरांच्या शिकवणीची मुदत वर्षभराने वाढवली.

दुसऱ्या दिवशी ताई जिन्याच्या तोंडाशी पाठ टेकून बसल्या. गाद्यांपाशी येससरला उभं केलं होतं. सरांच्या झोपेच्या राखणीला त्याला ठेवून उपयोग नव्हता. मालक आले की तो आधी त्यांच्या स्वागताला धावला असता. जिना दिसायचा तो फक्त ताईंच्या खुर्चीवरून. तास संपल्यावर सर खाली मान घालून त्यांच्याजवळ आले.

"ताई, मी जरा आडवा होतो. मालक येताना दिसले तर हळूच येऊन उठवाल ना?"

"उठवलं असतं हो सर," ताई खुर्चीत आणखी सैल होत म्हणाल्या, "पण त्यासाठी आधी मला उठावं लागेल."