लिफ्टकाका तिचे कोण होते

आपल्याला काहीतरी आजार झालाय, असं छोट्या सिस्टरला वाटायला लागलं ते साखरेच्या डब्यात मीठ ओतलं तेव्हा.

चाळिशी उलटली, चष्मा लागला, तरी डायलिसिसच्या खोलीत ती छोटी सिस्टरच. उंचीवरून कुणीतरी ठेवलेलं नाव चिकटलं ते चिकटलंच. तिचा हात मात्र असा हलका, की सुई टोचून झाल्यावर पेशंट विचारायचा, "टोचताय ना?" आणि हीच बाई आता बसमध्ये बसली की उतरायचा थांबा मागे जाऊ द्यायची. लेकीला हाक मारायला तोंड उघडलं की नावच आठवायचं नाही. "अगं... अगं... तू!" लेक खो खो हसायची. पहिल्यांदा तीही हसली. मग मात्र तिचं धाबं दणाणलं.

"थायरॉइड असेल," नवरा म्हणाला. "आमच्या मावशीचं असंच झालं होतं."

युनिटच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं. रिपोर्ट एकदम स्वच्छ. "ताण आहे, झोप काढा," असं म्हणून ते पुढच्या पेशंटकडे वळले.

नेमकं त्याच आठवड्यात हॉस्पिटलने नर्सेससाठी ताणावर व्याख्यान ठेवलं. बाहेरून आलेल्या हसतमुख बाईंनी सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि समुद्रकिनारा आठवायला सांगितला. छोट्या सिस्टरला समुद्र काही दिसेना. तिला ऐकू आली ती मशीनची धोक्याची शिट्टी. ती ताडकन उठली आणि युनिटकडे धावत सुटली. तिथे सगळं सुरळीत चाललं होतं. शिट्टी कुठलीच वाजली नव्हती. दारात धापा टाकत उभी राहून तिने मनात म्हटलं, वेड लागायची सुरुवात अशीच होत असेल का?

दोन-तीन दिवसांनी ती सुयांचा ट्रे घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीपाशी गेली. खुर्चीत शाळेत गणित शिकवणारी एक तरुण बाई बसली होती.

"इथे नका बसू," छोटी सिस्टर म्हणाली. "इथले पेशंट यायचेत."

"अहो, मला हीच खुर्ची दिलीय. मागच्या वेळेला पण इथेच होते मी. सुई तुम्हीच लावलीत की!"

छोटी सिस्टर तिच्याकडे बघतच राहिली. इन्चार्जबाई पलीकडून चालत आल्या, तिच्या हातातून ट्रे घेतला आणि स्वतः सुया लावल्या. या बाई अशा, की त्यांच्यासमोर डॉक्टरसुद्धा खिशातले हात बाहेर काढायचे. काम आटोपल्यावर त्यांनी छोट्या सिस्टरला आपल्या खोलीत बोलावलं.

"चुकलं माझं, मॅडम. तब्येत जरा..."

"लिफ्टकाका गेले त्या दिवशी तू काय केलंस?"

लिफ्टकाकांनी उभं आयुष्य बंद पडलेल्या लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलं होतं. गेली काही वर्षं ते एक दिवसाआड यायचे, खिडकीजवळच्या त्याच खुर्चीत बसायचे आणि मशीन चालू असेपर्यंत त्यांचं तोंडही चालू असायचं. एक दिवस ते आले नाहीत. छोट्या सिस्टरने चौकशी केली, तर क्लार्क मान वर न करता म्हणाला, "तो पेशंट बंद झाला. मुलाचा फोन होता, घरीच गेले. त्यांच्या वेळेला नवीन टाकलाय."

"काय करणार, मॅडम?" छोटी सिस्टर म्हणाली. "चादर बदलली. मशीन धुऊन घेतलं. पुढचा पेशंट लावला."

"आणि घरी?"

"नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, अरेरे, पण तुझे कोण लागत होते ते? खरं आहे त्याचं. कुणीच लागत नव्हते. माझे वडील गेले तेव्हा मी रडले, का रडतेय ते मला ठाऊक होतं. हे काय चाललंय तेच कळत नाही. पेशंट गेला म्हणून प्रत्येक नर्स अशी वागायला लागली तर युनिट चालायचं कसं?"

इन्चार्जबाईंनी ड्यूटीचा तक्ता पुढे ओढला. मग म्हणाल्या, "मलाही नाही माहीत. पेशंटमध्ये जीव गुंतवायचा नाही असं शिकवलं होतं. कसा नाही गुंतवायचा, ते विचारायचं राहून गेलं." त्या उठल्या. "तुझे दुपारचे पेशंट दोघींना वाटून देते. आपण त्यांच्या घरी जाऊन येऊ."

"कशाला?"

"ते तिथे गेल्यावर बघू."

लिफ्टकाकांचं घर वरच्या मजल्यावर होतं आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. इन्चार्जबाई गुडघे धरत चढल्या. दार काकूंनी उघडलं.

"हॉस्पिटलमधून? कुठे सही राहिलीय का त्यांची?"

"नाही, असंच आलो," इन्चार्जबाई म्हणाल्या.

काकूंनी पाणी दिलं. आपलं नाव निघेल म्हणून छोटी सिस्टर वाट बघत होती, पण काकूंनी तिला ओळखलंच नाही.

"काका कधी आमच्याबद्दल बोलले नाहीत?" तिने शेवटी विचारलं.

"ते आणि बोलणार? घरात तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचे. दुखतंय का? नाही. वाढू का? वाढ. संपलं!"

छोट्या सिस्टरला कुणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं. "अहो, पण आमचे तर बोलून बोलून कान किटवायचे!"

काकूंचा हात भांड्यावरच थांबला. "काय बोलायचे?"

मग तिने सांगितलं. वर्षानुवर्षं अबोला धरलेले दोन भाऊ एकदा एकाच लिफ्टमध्ये अडकले. काका पोचले तेव्हा आतून बोलणं ऐकू येत होतं. म्हणून ते आपले जिन्यात बसले आणि डबा खाऊन झाल्यावरच लिफ्ट सोडवली. काकू हसल्या. हसता हसता त्यांचा चेहरा बदलला.

"संसार माझ्याशी केला आणि गप्पा तुमच्याशी मारल्या!"

आपण सांगायला नको होतं की काय? छोट्या सिस्टरने इन्चार्जबाईंकडे पाहिलं, तर त्या फरशीकडे बघत होत्या.

"अजून सांगा," काकू म्हणाल्या.

"लग्नानंतर तुम्हाला एका नव्या इमारतीच्या गच्चीवर घेऊन गेले होते म्हणे. तुम्ही घाबरून त्यांचा शर्ट फाडलात..."

"मी? खोटारडा मेला! घाबरले ते! शर्ट माझ्याच हातात राहिला, कारण ते खाली बसले मटकन!"

तिघी हसल्या, आणि त्या हसण्यातच छोट्या सिस्टरला रडू फुटलं. थांबवू म्हटलं तरी थांबेना. काकू तिच्याशेजारी येऊन बसल्या, पाठीवरून हात फिरवू लागल्या, आणि त्याही रडू लागल्या. कोण कुणाचं सांत्वन करतंय, हे तिघींनाही कळत नव्हतं.

त्यानंतर युनिटमधला पेशंट गेला की इन्चार्जबाई त्याच्या नर्सला बोलावतात, थोडा वेळ जवळ बसवून घेतात, हवं असेल तर त्याच्या घरी पाठवतात. बाकीच्या तिचं काम उचलतात. अशा वेळी नर्सची नोंद कशी करायची, असं कार्यालयातून विचारलं गेलं. इन्चार्जबाईंनी कळवलं, "कामावर आहे."

छोटी सिस्टर आता बरी आहे, म्हणजे बहुतेक बरी आहे. काकूंचा अधूनमधून फोन येतो, "आणखी काही आठवलं का?" ती आठवून आठवून सांगते. पण परवा तिच्या मनात शंका आली, की ती दोन भावांची गोष्ट लिफ्टकाकांचीच होती, की पलीकडच्या खुर्चीतल्या कुणी सांगितलेली? तिने इन्चार्जबाईंना विचारलं. त्यांनाही सांगता येईना. काकूंना हे सांगावं की नाही, यावर दोघींचं अजून एकमत झालेलं नाही.