लग्नाच्या कापडाला टोकलं

म्हैसूरच्या मंडी मोहल्ल्यातल्या वेंकोबा शिंप्याच्या घरी एक नियम आजोबांपासून चालत आला होता: लग्नाच्या कापडावर कात्री धरली की कुणी टोकायचं नाही. टोकलं की अपशकुन. एरवी बायको सोयराबाई त्याला दिवसभर टोकायची, त्यामुळे हा नियम वेंकोबाला फार प्रिय होता.

म्हैसूर राज्याचं कर्नाटक झालं, त्या वर्षीची गोष्ट. टेबलावर सामुवेल मास्तरांच्या लेकीचं पांढरं साटिन होतं. लग्नाच्या झग्यासाठी आत्याने परदेशातून पाठवलेलं, अगदी मोजकं. बिघडलं तर तसं दुसरं म्हैसुरात मिळणार नव्हतं.

कापड देताना मास्तरांनी बायबलातली गोष्ट सांगितली होती. गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांना कॉफी उतरत नसे. शहाणपण आणि मूर्खपण अशा दोन बायका. दोघींची घरं गावाच्या उंचवट्यावर, आणि दोघी वाटसराला एकाच शब्दांत हाक मारतात, 'भोळ्या, इकडे ये.'

"मग ओळखायची कशी?" वेंकोबाने विचारलं होतं.

"एक नुसतं गोड बोलते. दुसरी चूक दाखवते. शहाण्याला बोल लावला तर तो उलट प्रेमच करतो, असं लिहिलंय, स्वामी."

वेंकोबा हसला होता. असल्या गोष्टी इतरांसाठी असतात, असं त्याला वाटे.

झग्याचं अंग कापून झालं. उरलेल्या तुकड्यावर त्याने खडूने बाह्या आखल्या. त्याचा जुना दोस्त नागोजीराव शेजारी बसून कॉफी पीत होता. "काय हात आहे रे तुझा! डोळे मिटून कापशील." वेंकोबा फुलला. त्याने कात्री उघडली.

"अहो, थांबा!" कोपऱ्यात काजं करत बसलेली सोयराबाई ओरडली.

"लग्नाच्या कापडाला टोकतेस?" वेंकोबा लालबुंद झाला.

"अरे बिडो वेंकोबा, सोड ते," नागोजीराव म्हणाला. "इकडे बघ. तुझा हात कधी चुकलाय? चालव कात्री."

"अय्यो, इकडे बघा की एकदा," सोयराबाई म्हणाली. अपशकुनाची भीती तिलाही होतीच.

दोघांची हाक एकच. वेंकोबाला मास्तर आठवले आणि त्यांचाही राग आला, कारण नागोजीचं ऐकावं असं फार वाटत होतं. पाती साटिनला टेकली होती. त्याने कात्री खाली ठेवली.

"बोल."

"दोन्ही बाह्या एकाच हाताच्या आखल्यात. चमकती बाजू दोन्हींची वरच आहे, एक उलटून लावायची सोय नाही. पोरीला काय दोन डावे हात आहेत?"

वेंकोबाने बघितलं. खरंच होतं. नागोजीरावाला एकाएकी घरचं काम आठवलं.

"टोकायला भ्याली नाहीस?"

"भ्याले की. पण पोर रडली असती, आणि तुम्ही चार दिवस जेवला नसता."

वेंकोबाला तिची फार माया आली. त्याने एक बाही पुसली आणि उलटी आखली.

झगा झकास बसला. पुढे लग्नाचं कापड टेबलावर आलं की तो कात्री हातात घेऊन थांबे. "टोक गं," म्हणे. कधी ती नुसती "बरोबर आहे, कापा की" म्हणाली, तर कात्री खाली ठेवून विचारी, "रागावलीस का माझ्यावर?"