दीडशेची पाटी

त्याने हेडफोन कानांवर घट्ट दाबला आणि लेकीची शर्यतीची गाडी दीडशेच्या पाटीशी येताच रेडिओवर म्हणाला,

"आता."

"हो, बाबा." तिने ब्रेक दाबला.

शेवटच्या वळणाआधी दीडशे मीटरवर रोवलेली ही पाटी म्हणजे त्याचा जीव की प्राण. तीस वर्षांपूर्वी बाकीचे दोनशेलाच ब्रेक मारायचे, तेव्हा हा पठ्ठ्या दीडशेपर्यंत दम धरायचा. त्या पन्नास मीटरांनी त्याला दोनदा विजेता केलं. पुढे त्याने स्वतःचा संघ काढला, केस पिकले, तरी सगळे त्याला चॅम्पियनच म्हणत. पाटीची गोष्ट तो आल्यागेल्याला ऐकवी, आणि उस्ताद, तेव्हापासूनचा त्याचा मेकॅनिक, दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखी मान डोलवी.

आज मात्र गोष्ट सांगायला तोंड नव्हतं. सरावात लेक सहावी आली होती. दुपारच्या पात्रता फेरीत पहिल्या दोघांत आली नाही, तर या अरुंद ट्रॅकवर उद्याच्या शर्यतीत मागून पुढे जाणं कठीण. वर्षभराच्या अजिंक्यपदावर पाणीच सोडायचं.

इंजिनिअर बाई आलेख घेऊन आल्या. बाकी सगळ्या वळणांवर पोरगी सर्वांत वेगवान आहे, त्या चाचरत म्हणाल्या, वेळ जातो तो फक्त शेवटच्या वळणावर. हल्लीच्या गाड्यांना शंभरच्या पाटीला ब्रेक मारला तरी पुरतो.

"मग ती दीडशेला का मारते?"

बाईंनी उस्तादकडे पाहिलं. उस्तादने टायरकडे पाहिलं.

"तिला कळतं रे," शेवटी उस्तादच बोलला. "पण तुझा आवाज आला की तिचा पाय आपोआप जातो."

सहा वर्षांची असताना ती त्याच्या मांडीवर बसून ताटलीचं स्टिअरिंग फिरवायची, आणि तो 'आता' म्हणाला की हवेतच ब्रेक दाबायची. कितीदा खेळले होते ते. त्याला आधी राग आला, मग लाज वाटली. तिला सांगायला म्हणून तो गाडीपाशी गेला खरा, पण तिच्या हेल्मेटचा पट्टा उगाच ओढून बघून तो परतला.

फेरीत तिची गाडी शेवटच्या वळणाकडे निघाली. दोनशे. दीडशे. त्याचे ओठ उघडले. त्याने तळहात तोंडावर दाबून धरला. पाटी मागे पडली, तेव्हा त्याचाच पाय जमिनीवर गच्च रोवलेला होता.

पडद्यावर तिचं नाव सगळ्यांत वर चढलं आणि गॅरेजमध्ये एकच गलका झाला.

"बाबा, शेवटच्या वळणावर तुमचा आवाजच आला नाही," रेडिओवर ती धापा टाकत म्हणाली. "मी वाट बघत राहिले, म्हणून ब्रेकला उशीर झाला."

"वायर लूज झालीय," तो म्हणाला. "उद्याही तिथे ऐकू येणार नाही. तुझं तू बघ."

उस्तादने उभ्या हयातीत एक वायर लूज सोडली नव्हती. त्याने चॅम्पियनकडे एकदा पाहिलं, स्क्रूड्रायव्हर उचलला, आणि धडधाकट रेडिओ उघडून तो दुरुस्तीला बसला.